वन्यप्राण्यांनी खाल्लेलं पीक मोजायचं कसं? (पंचनाम्यात न दिसणारं नुकसान)

धुऱ्यावरचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतो, धागा पहिल्यांदाच काढतोय.

विदर्भात जंगलाला लागून आमचं दोन एकर सोयाबीन आहे, मधे तुरीचे तास (ओळी). मी नोकरीनिमित्त जिल्ह्याच्या गावी असतो, शेती बाबा बघतात. यंदा रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर दोघांनीही पीक धरलं. अर्ज केला, वनरक्षक, कृषी सहायक, तलाठी असे तिघं आले आणि पंचनामा झाला. नुकसान लिहिलं दहा गुंठे. डुकरांनी लोळून, उकरून साफ केलेला पट्टा खरंच दहा गुंठे भरतो, त्यात खोटं काही नाही. पण उरलेल्या सत्तर गुंठ्यांत रोह्यांचा कळप रोज रात्री येऊन शेंडे, फुलं, कोवळ्या शेंगा खातो, त्याचं काय? लांबून पाहिलं तर शेत हिरवंगार. साहेब धुऱ्यावर (बांधावर) उभं राहूनच म्हणाले, "पीक तर उभं आहे तुमचं."

बाबा म्हणतात, "लिहून काय होते, घरात जे येईन तेच आपलं." मला मात्र आकडा पाहिजे. भरपाई किती मिळते, कोणाला भेटायचं, यावर इथे आधी भरपूर लिहून झालंय. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. उभ्या पिकातलं खाल्लेलं मोजायची काही रीत आहे का? शेतकऱ्याला एकट्याला जमेल अशी?

निवृत्त_सहायक

भाऊ, रीत आहे आणि फार अवघडही नाही. मी नोकरीत असताना असे पंचनामे केलेत, तेव्हा दोन्ही बाजू माहीत आहेत.

आधी शेत डोळ्यांनी तीन पट्ट्यांत वाटा: जंगलाकडचा, मधला आणि रस्त्याकडचा किंवा घराकडचा. नुकसान सगळीकडे सारखं कधीच नसतं, म्हणून पूर्ण शेताचा एकच अंदाज करायला गेलात की चुकलात. अगदी आडवा झालेला भाग चौथा धरा. प्रत्येक पट्टा किती गुंठ्यांचा ते टेपने किंवा मोबाईलवरच्या क्षेत्र मोजायच्या ॲपने काढा.

मग ओळ मोजा. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. तुमच्या दोन तासांतलं अंतर ४५ सेंटीमीटर असेल तर ९ मीटर लांबीचा तास म्हणजे एकराचा बरोबर हजारावा भाग. (मका ६० सेंटीमीटरवर असेल तर पावणेसात मीटर.) नऊ मीटरची दोरी करून ठेवा. प्रत्येक पट्ट्यात पाच-सहा ठिकाणी ती टाका आणि त्यातली जिवंत झाडं मोजा. दोरी कुठे टाकायची ते आधी ठरवा, धुऱ्यापासून इतकी पावलं आत असं. डोळ्याला वाईट दिसते तिथे टाकायची नाही आणि चांगलं दिसते तिथेही नाही. गडबड सगळी इथे होते.

झाडांच्या संख्येवर थांबू नका. त्याच तासातली दहा झाडं, एक सोडून एक, घ्या आणि भरलेल्या शेंगा मोजा. झाडं गुणिले शेंगा, हा त्या पट्ट्याचा आकडा. रस्त्याकडच्या कमी खाल्लेल्या पट्ट्याचा तोच आकडा शंभर धरला की बाकीचे किती खाली आहेत ते निघतं. रोह्याचं नुकसान झाडं मोजून सापडत नाही, झाड तिथेच असतं. ते शेंगांत सापडतं.

आणि हे शेंगा भरत असताना करा. कापणीच्या तोंडावर पानं गळाली की खाल्लेलं काय आणि वाळलेलं काय, ओळखू येत नाही.

तिरकस

काका, माहितीपूर्ण. पण एक शंका. हरभऱ्याचे शेंडे महिनाभरात खुडा, तुरीचे दीड महिन्यात छाटा, फुटवे वाढतात, उत्पन्न वाढतं, असं कृषी खातंच सांगतं ना? मग रोह्याने फुकटात शेंडे खुडले तर शेतकऱ्याने त्यालाच मजुरी द्यायला हवी :)

दुसरं. जंगलाकडचा भाग बहुतेक ठिकाणी हलका, मुरमाड असतो, वर झाडांची सावली. तिथे शेंगा कमी येणारच. त्याचं बिल रोह्याच्या नावावर?

निवृत्त_सहायक

@तिरकस, पहिला मुद्दा तुम्ही चेष्टेत घेतलात, मी तो पंचनाम्यात खऱ्या साहेबाच्या तोंडून ऐकलाय. शेंडे खुडणी एकदाच होते, ठरल्या वेळेला, फुलं लागायच्या आधी, आणि फक्त वरचा बोटभर शेंडा. रोही तुमचं वेळापत्रक बघत नाही. आज शेंडा खाल्ला, आठ दिवसांनी तिथून फुटलेले फुटवे खाल्ले, मग फुलं. झाड नुसतं पाला धरत राहतं. सोयाबीन लहान असताना थोडं खाल्लं तर सावरतं, हे मान्य. शेंगा भरताना खाल्लं तर सावरायला वेळच उरत नाही. म्हणून पंचनाम्यात "पिकाची अवस्था" हा रकाना असतो, आणि तो नीट भरला का, हे शेतकऱ्याने बघितलं पाहिजे.

दुसरा मुद्दा मात्र खरा आहे, त्याला टाळून चालणार नाही. उपाय जाळीचा. पेरणी झाल्याबरोबर जंगलाकडच्या पट्ट्यात दोन मीटर बाय दोन मीटरचे दोन-तीन चौकोन कोंबडीच्या जाळीने बंद करा, वरूनही. जमीन तीच, सावली तीच, बियाणं तेच, फक्त जनावराचं तोंड पोचत नाही. कापणीला आतलं आणि शेजारचं तेवढंच बाहेरचं वेगळं कापा, वेगळं झोडपा, तोला. जो फरक निघेल त्यावर सावलीचा आक्षेप कोणी घेऊ शकत नाही. यंदा वेळ गेली, पुढच्या हंगामात करा. यंदापुरतं मागच्या वर्षीच्या उताऱ्याशी (एकरी उत्पन्नाशी) ताडून बघा.

ऊसवाला

कोल्हापूरकडून. आमच्याकडं गवा आणि डुक्कर. सोयाबीनचं शेंगा मोजणं वाचलं आणि वाटलं आमचं सोपं, पण तसं नाही.

उसाची भरपाई टनावर ठरती. टन काढायचे कसे? चार फुटी सरीत एकराला साधारण १०,८९० फूट सरी बसती. एका फुटात चार ऊस धरले तर साडेत्रेचाळीस हजार ऊस. दहा फूट सरी धरायची, त्यात कुरतडलेले, मोडलेले, सरळ उभे असे वेगळे मोजायचे. चार-पाच उभे ऊस तोडून वजन करायचं आणि गुणायचं. इथवर ठीक.

भांडण होतं ते अर्धवट खाल्लेल्या उसावर. डुक्कर खालच्या दोन-तीन कांड्या चावतं, चोथा तिथंच थुंकतं आणि पुढच्या उसाला जातं. पंचनाम्याला आलेला म्हणतो, वरचा दहा फूट ऊस शिल्लक आहे की! तो आठ दिवसांत वाळतो, लाल पडतो, कारखान्याला जात नाही. आम्ही असा ऊस पूर्ण गेला असंच धरा म्हणून अडून बसतो. गव्यानं पाडलेला ऊस त्याहून वाईट, आडवा पडला की डोळे फुटतात आणि उंदीर लागतात. ते नुकसान महिनाभरानं दिसतं, पंचनामा तोवर फायलीत.

अजून एक. ऊस, मका यांत डुक्कर कडेनं खात नाही. आत शिरून मधोमध खातं. बांधावरून भिंतीसारखं पीक दिसतं, आत खळं झालेलं असतं. त्यामुळं बांधावरून पंचनामा करणाऱ्याला हात धरून आत न्यावं लागतं. साप आहे म्हणतात, बिबट्या आहे म्हणतात. आम्ही रोज जातो तेव्हा बिबट्या नसतो.

सायली_प

ऊसवाले दादांचा मधोमधचा मुद्दा वाचून विचारते: यासाठी ड्रोन चांगला नाही का? आमच्या भावाच्या गावात फवारणीचा ड्रोन आहे, त्यालाच कॅमेरा लावून वरून फोटो काढले तर खळं लगेच दिसेल.

निवृत्त_सहायक

मक्यात आणि उसात नक्की दिसेल, ताई. धानात हत्तीने तुडवलेलं तर फारच स्वच्छ दिसेल. पण धागा काढणाऱ्या भाऊंच्या शेतावर ड्रोन फिरवलात तर फोटोत हिरवं शेतच येईल. रोह्याने पाला सोडला आणि शेंग खाल्ली, वरून काय कळणार? तिथे वाकूनच मोजावं लागतं.

दोडामार्गकर

तुम्ही लोक निदान तास आणि सरी तरी मोजता. आमच्याकडे सिंधुदुर्गात बागायत. कर्नाटकातून हत्ती २००२ च्या सुमारास इकडे उतरले ते आजतागायत ये-जा करतायत. त्यातला ओंकार तर २०२५ मध्ये सरळ पेडण्यात, म्हणजे गोव्यात जाऊन आला, एका हत्तीपायी दोन राज्यांचं वनखातं धावलं.

हत्तीन माड आडवो केलो तर निदान कोणाक तरी दिसता. झाडामागे दर ठरलेला असतो, मोडलेली झाडं मोजली की हिशेब झाला. (माझ्या मते तो हिशेबही तोकडाच, कारण माड परत धरायला सात-आठ वर्षं जातात आणि तेवढ्या वर्षांचं उत्पन्न कोणी धरत नाही. पण ते असो.) खरी पंचाईत माकडांची. माकड झाड मोडत नाही, कोवळे नारळ पाडतं. माडाखाली पडलेले, भोक पाडलेले नारळ दिसतात खरे, पण पंचनामा होईपर्यंत ते आम्ही गोळा केलेले असतात, नाहीतर दुसऱ्याने. माझ्या वडिलांनी यावर उपाय म्हणून पाडलेले नारळ एका कोपऱ्यात ढीग करून ठेवायला सुरुवात केली. दर आठवड्याला मोजायचे, वहीत तारीख लिहायची, फोटो काढायचा. साहेबांनी ढीग बघून विचारलं, "हे तुम्हीच पाडले नाहीत कशावरून?" आता बोला.

आणि जे पेरलंच नाही त्याचं काय? वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवर आमची नाचणी, वरी होती. डुकरांमुळे आणि माकडांमुळे बंद केली. आता ती जमीन पडीक आहे. पडीक जमिनीचा पंचनामा कुठल्या नमुन्यात करतात?

पानगळ

दोडामार्गकर, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर नाही, पण धाग्याच्या मूळ प्रश्नावर महाराष्ट्रातच चांगला अभ्यास झालेला आहे. मी पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे तो मला वाचावा लागला. मिलिंद वाटवे आणि अभिजित बयानी यांच्या गटाने ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या पश्चिम सीमेवरच्या शेतांत काम केलं. निबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी नुकसान चार वेगवेगळ्या पद्धतींनी मोजलं. जंगलाला अगदी लागून असलेल्या शेतांत चारही पद्धतींचा कौल ५० टक्क्यांहून जास्त नुकसानीकडे गेला, आणि जंगलापासून जसजसं लांब जावं तसतसं ते कमी होत गेलं.

या धाग्यासाठी महत्त्वाचं हे की सरकारी भरपाईसाठी जी नजरपाहणी होते, तिचा आकडा खऱ्या नुकसानीपेक्षा फारच कमी येत होता. एवढंच असतं तर आकड्याला दोनाने किंवा तिनाने गुणून सोय लावता आली असती. पण दोन्हींचा एकमेकांशी मेळच बसत नव्हता. म्हणजे ज्या शेतात नजरेला जास्त नुकसान दिसलं तिथे प्रत्यक्षातही जास्त होतं, असंसुद्धा म्हणता येईना. धुऱ्यावरचा यांना "पीक तर उभं आहे" म्हणणारा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला दिलेलं मापच चुकीचं आहे.

तिरकस

बरं, मान्य. शेंडे खुडणीचा विनोद मागे घेतो. पण मग शेतकरी सांगेल तो आकडा घ्यायचा? आमच्या गावात गावची गुरं रात्री सोडून देतात, सकाळी "रोही आले होते" म्हणून अर्ज. हेही होतंच की.

धुऱ्यावरचा

होते. नाही कशाला म्हणू. म्हणून तर माप विचारतोय. माझ्याच शेजाऱ्याची गाय आमच्या तुरीत दोनदा सापडली आहे.

रानवाट

मी वनखात्यात तळाच्या पायरीवर आहे, याहून जास्त ओळख देत नाही.

गुरं की रोही हे ओळखणं अवघड नाही, पण वेळेवर पोचलो तर. रोह्याच्या लेंड्यांचा एका ठराविक जागी ढीग असतो, ते पुन्हा पुन्हा तिथेच टाकतात. गाय शेण कुठेही टाकते. डुकराच्या पावलात मऊ मातीत मागे दोन छोट्या नख्यांचे ठसे उमटतात. हरीण, रोही, गाय यांना वरच्या जबड्यात पुढे दात नाहीत, म्हणून खुडलेला शेंडा फाटल्यासारखा, धागे निघालेला दिसतो. शेंडा चाकूने तिरपा कापल्यासारखा असेल तर ते सशाचं काम. आणि ससा असेल तर माझा पंचनामा तिथेच संपतो, कारण भरपाईच्या यादीत रानडुक्कर, हरीण, रोही, माकड, गवा, हत्ती एवढीच नावं. साळिंदराने अख्खा भुईमुगाचा वाफा उकरला तरी शेतकरी मला डुक्कर लिहायला सांगतो. मला त्याचं दुःख कळतं, पण ठसा साळिंदराचा आणि कागदावर डुक्कर, यावर सही माझी असते.

वेळेचं सांगतो. घटना तीन दिवसांत कळवायची असते. लोक सात-आठ दिवसांनी येतात, मधे पाऊस पडून गेलेला असतो. ठसे नाहीत, लेंड्या विरघळलेल्या, खुडलेला शेंडा काळा पडलेला. मग मी लिहू काय?

तुम्हा सगळ्यांना वाटतं आम्ही मुद्दाम कमी लिहितो. एका वनरक्षकाकडे किती गावं असतात ते आपल्या भागात विचारा. आग, अवैध तोड, वाघ दिसला म्हणून जमलेली गर्दी, हे सोडून शेतात दोरी टाकून शेंगा मोजायला मी तयार आहे, पण मग दिवसाला एकच शेत होईल. बाकीचे लोक मला फाडून खातील.

ऊसवाला

रानवाट साहेब, प्रामाणिकपणे लिहिलंत, बरं वाटलं. राग तुमच्यावर नाही, दोरीवर आहे. म्हणजे दोरी नसण्यावर.

सायली_प

पीक विम्याचा विषय अजून निघाला नाही म्हणून लिहिते, कारण अनेकांचा यात गोंधळ आहे. वनखात्याची भरपाई आणि पीक विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

महाराष्ट्रात एक रुपयात विमा होता तेव्हा स्थानिक आपत्तीची तक्रार ७२ तासांत करायची सोय होती, म्हणून लोक तिथे रानडुकराचीही तक्रार टाकायचे आणि ती फेटाळली जायची. खरीप २०२५ पासून राज्याने ते जादा संरक्षण काढलं. आता विमा फक्त पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे काही ठरावीक शेतांत कापणी करून काढलेल्या अख्ख्या महसूल मंडळाच्या (अनेक गावांच्या गटाच्या) सरासरी उत्पन्नावर. जंगलाला लागून असलेली दहा शेतं साफ झाली तरी मंडळाची सरासरी हलत नाही. वन्यप्राण्यांच्या नुकसानीला मोजायची याहून निरुपयोगी पद्धत शोधून सापडणार नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केलं की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान पीक विम्यात जादा संरक्षण म्हणून घेता येईल. पण कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे, हे राज्याने अधिसूचित करायचं आहे, जुन्या नोंदींच्या आधारे. तक्रार ७२ तासांत ॲपवर, स्थळाची नोंद असलेल्या फोटोसह. आता गंमत बघा. जुन्या नोंदी म्हणजे कोणत्या? ज्या गावांत लोक कंटाळून अर्जच करत नाहीत, त्या गावांत कागदावर नुकसान शून्य. बाबांना सांगा, "लिहून काय होते" याचं हे एक उत्तर आहे.

पानगळ

+१. त्यात भर: वाटवे यांच्याच गटाने नंतर एक वेगळी पद्धत शेतकऱ्यांबरोबर करून पाहिली, तो निबंध २०२१ चा. एकेका रात्रीचं नुकसान मोजत बसण्याऐवजी हंगामाअखेरचं उत्पन्न मोजायचं. अपेक्षेपेक्षा जेवढं कमी पडलं त्यासाठी मदत आणि चांगलं पिकवणाऱ्याला वर बक्षीस. बक्षीस असल्यामुळे पीक सोडून देऊन भरपाई खाण्यात फायदा उरत नाही, तिरकस यांची शंका तिथे बऱ्यापैकी निकालात निघते. मला ही दिशा पटते. रोही तुमच्या शेतात हंगामभर येतो, आणि अर्जात मात्र "घटनेची तारीख" विचारतात. कोणती तारीख लिहायची?

तिरकस

ह्या मुद्द्यावर निरुत्तर. मात्र उत्पन्न कोण तोलणार हा प्रश्न राहतोच. खळ्यावर पण माणूस लागतोच की.

निवृत्त_सहायक

लागतो, पण कापणी प्रयोगासाठी माणूस गावात येतोच. यंत्रणा आहे, तिला जंगलाकडची शेतं वेगळी धरायला सांगावं लागेल. आजच्या घडीला तशी सोय नाही, तेव्हा आहे त्या चौकटीतलं लिहितो.

फोटो काढताना प्रत्येक ठिकाणचे तीन काढा: लांबून पूर्ण पट्टा, जवळून झाड, आणि ठसा किंवा लेंडी. ठशाशेजारी काडेपेटी ठेवा, आकार कळतो. फोटोवर तारीख आणि ठिकाण उमटेल असं ॲप वापरा. कॅमेरा अशा कोनात धरा की मागे ओळखीची खूण येईल, विहीर, खांब, मोठं झाड.

ई-पीक पाहणी झालेली असू द्या. २०२१ पासून सातबाऱ्यावर पीक तुम्हालाच नोंदवायचंय. पीक नोंदच नसेल तर नुकसान कशाचं, हा प्रश्न येतो. अतिक्रमणातल्या जमिनीला भरपाई नाही, हेही लक्षात असू द्या.

पेरणीनंतर डुकराने तास उकरून बी खाल्लं तर त्याच दिवशी अर्ज करा. मका आणि भुईमुगात हे सर्रास होतं. लोक गप्प दुबार पेरणी करतात आणि मग दाखवायला काही उरत नाही. बियाण्याची पावती, मजुरी, पेरणीची तारीख, सगळं वहीत हवं.

वनखात्याच्या भरपाईत रक्कम छोटी असेल तर पूर्ण मिळते, मोठी असेल तर टक्क्यांनी कमी होत जाते आणि वर मर्यादा आहे. ती २०१५ मध्ये २५,००० रुपये होती, नंतर ५०,००० झाली. या भरपाईच्या २०२३ च्या कायद्यात ३० दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर व्याज, असं आहे. व्याज मागायचं असेल तर अर्जाची पोच हवी. तोंडी सांगून आलात तर तीस दिवस कुठून मोजणार?

धुऱ्यावरचा

काका, शनिवार-रविवार गावी होतो. मोजलं. बाबा आधी हसले, मग दोरीचं दुसरं टोक त्यांनीच धरलं.

रस्त्याकडचा पट्टा २० गुंठे. नऊ मीटर तासात सरासरी १६० झाडं, झाडाला ३८ शेंगा. गुणाकार ६,०८०. हा शंभर धरला.
मधला ३० गुंठे. १५२ झाडं, ३० शेंगा, ४,५६०. म्हणजे चौथा हिस्सा गेला.
जंगलाकडचा २० गुंठे. ११० झाडं, २२ शेंगा, २,४२०. साठ टक्के गेलं.
आडवा झालेला १० गुंठे, पूर्ण गेला.

आमचा चांगल्या वर्षाचा उतारा एकरी आठ क्विंटल, म्हणजे गुंठ्याला २० किलो. मधल्यात साडेसात, जंगलाकडे बारा आणि आडवे दहा, असे मिळून साडेएकोणतीस गुंठ्यांचं पीक गेलं. ५ क्विंटल ९० किलो. २०२५-२६ च्या ५,३२८ च्या हमीभावाने ३१,४३५ रुपये. पंचनाम्यातल्या दहा गुंठ्यांचे याच भावाने १०,६५६. जवळजवळ तिप्पट फरक. यात तूर धरलेली नाही, आणि बाबांची रात्रीची जागलही नाही.

रस्त्याकडचा पट्टासुद्धा थोडा खाल्लेला आहे, तो आम्ही पूर्ण धरला, म्हणजे आकडा फुगवलेला नाही.

तिरकस

हमीभावाने कोण घेतंय यंदा सोयाबीन? बाजारभाव लावला तर आकडा खाली येईल :) पण हिशेब स्वच्छ आहे, मानलं.

सावलीचं मात्र लिहा त्यात. "जंगलाकडील पट्ट्यात सावलीचा काही परिणाम शक्य" असं तुम्हीच लिहिलंत तर समोरच्याचा विश्वास वाढतो.

रानवाट

धुऱ्यावरचा, हा कागद मला कोणी आणून दिला तर मी नक्की पंचनाम्याला जोडेन. तेवढाच आकडा लिहीन असं नाही सांगत. कच्चा नकाशा काढा, पट्टे दाखवा, दोरी कुठे-कुठे टाकली त्या जागा दाखवा. शेजारच्या दोन शेतकऱ्यांच्या सह्या घ्या. आणि फेरपाहणीचा अर्ज लेखी द्या, पीक शेतात असेपर्यंत. सोंगणी (कापणी) झाली की मी आलो काय आणि न आलो काय.

दोडामार्गकर

माडावर दोरी कशी टाकायची ते कोणीतरी सांगा रे.

निवृत्त_सहायक

दोडामार्गकर, माडावरचे नारळच मोजा. बागेतले दहा माड ठरवून त्यांना रंगाने नंबर द्या, दर महिन्याला प्रत्येकावर किती नारळ लागलेत ते खालून मोजून लिहा आणि पाडणीला किती हाती आले ते लिहा. कोवळे नारळ आपोआपही गळतात, म्हणून ज्या माडाला पत्र्याचा पट्टा लावून माकड चढू दिलं नाही असे दोन माड तुलनेला ठेवा. फक्त ते शेजारच्या माडांना झावळ्यांनी लागून नसावेत, नाहीतर माकड वरून येतं.

धुऱ्यावरचा

धन्यवाद सगळ्यांना. फेरपाहणीचा अर्ज लिहितोय. एक अडचण उरली. सातबारा सामाईक आहे, बाबा आणि दोन काका. मोठे काका नागपूरला, त्यांच्याशी बोलणं नाही. संमतीपत्राशिवाय पैसे अडकतील असं कार्यालयात म्हणाले. कोणाला अनुभव?

ऊसवाला

अनुभव भरपूर. अर्ज अडवू नका, तो आधी टाका, पोच घ्या. संमतीपत्र मागून जोडता येतं, पीक मागून उभं करता येत नाही. आणि काकांकडं पैशाचा विषय काढायच्या आधी आईला किंवा काकूंना फोन लावायला सांगा. आमच्या घरात गव्याच्या भरपाईची सही तशीच मिळाली.